आईची मेंबरी

मराठीत बापालाही वडील म्हणतात आणि चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्यालाही वडीलच म्हणतात. आमचे पप्पा दोन्ही होते. खमरियाच्या फॅक्टरीत ते नोकरीला होते आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो. पप्पांचे आजोबा कधीतरी नागपूरकडून इकडे हिंदी मुलखात मिशनच्या शाळेत शिकवायला आले आणि इथलेच झाले, म्हणजे पप्पा जन्माचे ख्रिस्ती. आई तशी नव्हती. ती शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या हिंदू मराठी घरातली. एका शाळेत ती शिकवायला लागली, तिथे पप्पांची बहीण तिच्या सोबत होती. त्यातून ओळख झाली, आईनं बाप्तिस्मा घेतला आणि लग्न केलं. तिच्या आईवडिलांनी दार लावलं ते मरेपर्यंत उघडलं नाही. फक्त मोठा भाऊ, माझा मामा, येत राहिला.

पप्पांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. दारू, सिगरेट, पत्ते, सिनेमा यांपैकी काही नाही. रविवारी आमच्याकडे भाजीसुद्धा विकत घेत नसत, शनिवारीच आणून ठेवायची. साधं "साला" म्हणणाऱ्या माणसाकडे ते असे बघायचे की तो पुढचं वाक्य विसरायचा. फॅक्टरीच्या बसमध्ये लोक त्यांच्यासाठी जागा सोडायचे आणि त्यांच्या शेजारी बसायचं टाळायचे.

मामा दिवाळीत डबा घेऊन यायचा. चकल्या, अनारसे, थोडा चिवडा. पप्पा त्याला खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे, तब्येतीची चौकशी करायचे, गेटपर्यंत पोचवायला जायचे. मग परत येऊन डबा उचलायचे आणि कॉलनीत फिरणाऱ्या गाईपुढे रिकामा करायचे.

"नैवेद्याचं असेल," ते म्हणायचे.

"नाही हो. दादानं आपल्यासाठी आधीच वेगळं काढलं होतं."

"तू पाहिलं काय?"

आई रिकामा डबा घासून ठेवायची, पुढच्या खेपेला मामाला परत द्यायला. मामानं विचारलं की सांगायची, छान झाले होते. पप्पांच्या हिशोबानं हे खोटं बोलणं, पण ते त्यांच्या कानावर कधी गेलं नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा थंडीत मामा गेला. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं आणि तिथून परत आला नाही. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. अग्नी एका चुलतभावानं दिला. पप्पा स्वतः स्मशानात आले, चपला काढून हात बांधून लांब उभे राहिले. आईला त्यांनी आधीच सांगितलं होतं, "उभी राहा, रड, मनाई नाही. विधीत हात घालू नको."

अस्थी सोडायला तिलवाऱ्याला, नदीच्या घाटावर, जायचं ठरलं. आईला मी स्कूटीवर घेऊन गेले. मोजकी माणसं होती. अग्नी देणाऱ्या चुलतमामाचा गुडघा वाकत नव्हता आणि पायऱ्यांवर शेवाळ होतं. त्यानं दोन पायऱ्या उतरायचा प्रयत्न केला, भिंतीला धरून थांबला आणि कलश हातात घेऊन आमच्याकडे बघायला लागला. पंडित म्हणाला, "जल्दी कीजिए भैया, पीछे और लोग हैं." आईनं पदर खोचला, वर जाऊन त्याच्या हातातला कलश घेतला आणि खाली उतरली. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली. पंडित काहीतरी म्हणत होता, ती काही म्हणत नव्हती. कलश तिरपा केला तेव्हा तिच्या तोंडून फक्त "दादा" एवढं निघालं. वर येताना पंडितनं तिच्या कपाळाला गंध लावलं. तो सगळ्यांनाच लावत होता. परत येताना पुलावर वाऱ्यानं तिचा ओला काठ माझ्या पायावर आपटत होता. वाटेत थांबून तिनं गंध पुसलं, तेही आरशात बघून नीट.

पप्पा संध्याकाळी घरी आले. आईनं त्यांना चहा दिला आणि स्वतःहून सगळं सांगितलं. मी तिला आत बोलावून म्हटलं होतं, कशाला सांगतेस. ती म्हणाली, "त्यांच्यापासून लपवून मी या घरात राहू शकत नाही."

पप्पांनी चहा संपवला.

"पाण्यात काहून उतरली तू?"

"दुसरं कोणी नव्हतं. त्याला पायऱ्या उतरता येत नव्हत्या."

"पंडित मंत्र म्हणून राहिला होता?"

"हो."

"आणि कपाळाला लावलं ते?"

"लगेच पुसलं."

"लगेच म्हणजे पुलावर," पप्पा म्हणाले. ते तिनंच सांगितलं होतं.

त्या रात्री त्यांनी आमच्यासोबत प्रार्थना केली नाही. आणि त्याच आठवड्यात त्यांनी ही गोष्ट वडीलमंडळाच्या बैठकीत स्वतःच मांडली.

त्या वेळचे पाळक तरुण होते, छत्तीसगढकडचे, हिंदी बोलणारे, जरा भित्रे. ते आमच्या घरी आले आणि बाहेरच्या खोलीत बसले. म्हणाले, बहनजींच्या भावाचं दुःख ताजं आहे, आपण घरीच प्रार्थना करू, गोष्ट इथेच मिटवू.

पप्पा म्हणाले, "पादरी साहब, यही काम किसी और की घरवाली करती तो मैं क्या कहता?"

पाळकांनी चष्मा काढून पुसला.

"वही कह रहा हूँ."

आई दारात ट्रे घेऊन उभी होती. तिनं चहा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मला काय करावं लागेल?" पाळक खाली बघत राहिले, उत्तर पप्पांनी दिलं. प्रभुभोजन बंद. संडे स्कूलमध्ये शिकवणं बंद. ईस्टरला सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं, मग मेंबरी परत. ते हे तिला सांगत होते, पण बघत होते पाळकांकडे.

संडे स्कूल बंद झाल्याचं तिला सगळ्यात लागलं असावं. लहान पोरं रविवारी तिच्या मागे यायची, ती त्यांना म्हणायची, "आज दुसरी दीदी शिकवेल, जा." पोरं विचारायची, आप बीमार हो क्या. ती म्हणायची, हो.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे पेले ताटात ठेवून बाकांपर्यंत आणतात. आणणारे वडील असतात. आमच्या बाजूच्या बाकांना ताट नेहमी पप्पा आणायचे आणि त्या महिन्यांतही त्यांनीच आणलं. दुसऱ्या वडिलांनी एकदा पुढे होऊन ताट मागितलं, पप्पांनी मान हलवली. आई बाकाच्या कडेला बसलेली, मी तिच्या पलीकडे, आतल्या बाजूला. पप्पा आले, ताट तिच्या डोक्याच्या वरून उचलून माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला नाही. ते थांबले. पांढरा शर्ट, हात सरळ, चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही. मागचे लोक बघत होते. गाणं संपायला आलं होतं.

"घे," आई हळूच म्हणाली.

मी भाकर घेतली. ताट परत तिच्या डोक्यावरून गेलं. तिनं मान खाली घातली नव्हती, समोर बघत होती. ईस्टर येईपर्यंत हे प्रत्येक वेळी झालं आणि प्रत्येक वेळी ती त्याच जागी, कडेलाच बसली. मी म्हटलं, आत बस, मी कडेला बसते. म्हणाली, "त्यांना सवय आहे मी इथे बसायची."

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पप्पांनी तिच्याकडून कबुली म्हणून घ्यायला सुरुवात केली. ती स्वयंपाकघरात कणीक मळत असायची, ते स्टुलावर बसायचे. हिंदीत बोलायचं होतं, कारण उपासना हिंदीत असते.

"मुझसे गलती हुई," आई म्हणायची.

"गलती नाही. पाप."

"मुझसे पाप हुआ."

"हुआ नाही. मैंने किया. आपोआप होत नसतं."

"मैंने पाप किया. अपने भाई के..."

"भाऊ मध्ये आणू नको. लोकांना दया येईल. दया यायला नको, समज यायला पाहिजे."

ती कणकेवर ओलं फडकं टाकायची आणि परत पहिल्यापासून म्हणायची. मी पुस्तक घेऊन बाहेर जाऊन बसायचे. भिंत पातळ होती.

ईस्टरला ती पांढरी साडी नेसून उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात सगळं म्हणाली. भाऊ म्हणाली नाही. एकही शब्द अडला नाही. बायका रडल्या, तिला मिठ्या मारल्या, एकीनं स्वतःच्या गळ्यातला क्रूस काढून तिच्या गळ्यात घातला. त्या दिवशी पप्पांनी ताट तिच्यापुढे धरलं आणि तिनं भाकर घेतली. घरी येऊन तिनं मटण पुलाव केला. पप्पा खूप आनंदात होते. जेवताना तिच्या ताटात त्यांनी स्वतः तुकडे वाढले. मला वाटतं त्यांना खरंच वाटत होतं की बायको परत मिळाली.

मिळाली ती दुसरीच होती. हे हळूहळू कळलं.

आधी तिनं गोरखपूरचं माहेर तोडलं. चुलतमामाचा फोन आला की उचलायची नाही. मग एका संध्याकाळी ट्रंकेतून मामाचा फोटो काढला, तिच्याकडे त्याचा तेवढाच होता, मागच्या अंगणात गेली आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकला. पप्पा तिथेच दाढी करत होते.

"फोटो राहू द्यायचा होता," ते म्हणाले. "फोटोत पाप नाही."

"अर्धं सोडून कसं चालेल?" आई म्हणाली आणि चिमट्यानं कोपरा आत ढकलला.

पप्पांनी दाढी अर्ध्यावर थांबवून तिच्याकडे बघितलेलं मला दिसलं. त्यानंतर घरात त्यांचा शब्द शेवटचा राहिला नाही. ते आठवड्यातून एक दिवस उपास करायचे, ती दोन करायला लागली. त्यांना रेडिओवर बातम्या आवडायच्या, ती म्हणाली बातम्यांच्या मध्ये गाणी लागतात. रेडिओ गेला. शेजारणीनं लग्नाचे लाडू आणले तर ती दारातूनच परत करायची, गाईपर्यंतही जाऊ द्यायची नाही. बायकांच्या सभेत ती बोलायला लागली की कोणी मध्ये बोलायचं नाही. पप्पा निवृत्त झाले, आम्ही जवळच रांझीत छोटं घर घेतलं, माझं लग्न होऊन मी शहरात राहायला गेले, आणि काही वर्षांनी मंडळीनं पहिल्यांदा एका बाईला वडील म्हणून निवडलं. ती आई. त्याच वर्षी पप्पांनी वय झालं म्हणून जागा सोडली होती.

मग पप्पांना झटका आला.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळंच नाही गेलं. शिव्या राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, बाकी शब्द पुसले जातात आणि हेच उरतात, पेशंटला दोष देऊ नका. फॅक्टरीत ज्या शिव्या ऐकून ते बस बदलायचे त्या सगळ्या त्यांच्या आत कुठेतरी साठलेल्या होत्या. पाणी पाहिजे असलं तरी शिवी, पाय दुखला तरी शिवी, मला बघून आनंद झाला तरी आईवरून घाणेरडी शिवी. तोंडातून निघालेलं त्यांना ऐकू जायचं. डोळे मोठे व्हायचे आणि पाणी यायचं.

आईनं त्यांची सेवा केली तशी मी दुसरी कोणाची झालेली बघितली नाही. रोज अंग पुसायची, कूस बदलायची, पाठीला पावडर, नखं, दाढी. एवढ्या दिवसांत पाठीला एक जखम झाली नाही. वरण-भात मऊ करून चमच्यानं भरवायची. शिवी आली की चमचा थांबवायची, संपू द्यायची, मग पुन्हा भरवायची.

आता पाळक नवीन होते, वयानं मोठे, समजूतदार. ते आजाऱ्यांना घरी येऊन प्रभुभोजन द्यायचे, छोट्या लाकडी पेटीत सगळं घेऊन. पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी पलंगाशेजारी स्टूल ओढलं, पेटीची कडी काढली. पप्पांनी पेटी ओळखली. त्यांनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि तळवा वर केला.

"यांना देऊ नका," आई म्हणाली.

पाळकांना वाटलं गिळायला त्रास होत असेल. म्हणाले, "छोटा सा टुकड़ा देंगे बहनजी, भिगोकर."

"गिळतात ते. तसं नाही." मग ती हिंदीत वळली, बैठकीत बोलायची तशी. "जो अपने को जाँच नहीं सकता, उसको कैसे दे सकते हैं? इनकी ज़बान आपने सुनी है."

"ये बीमारी है, बहनजी."

"बीमारी होगी. ज़बान तो इन्हीं की है. सुबह से शाम तक. पाप से मन फिराया है, ये मुँह से कहना पड़ता है. मैंने कहा था, सबके सामने खड़े होकर. इनसे पूछ लीजिए."

पाळकांनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी तोंड उघडलं, सगळा जोर लावला, मानेच्या शिरा उठल्या, आणि जी शिवी आली ती पाळकांच्या आईवर होती. पाळकांनी डोळे मिटून घेतले. पप्पांचा हात तसाच उघडा होता. आईनं तो हातात घेतला, एकेक बोट आत वळवलं, मूठ केली आणि पांघरुणाखाली ठेवली. वरून पांघरूण नीट केलं.

पाळकांनी प्रार्थना केली आणि पेटी बंद करून गेले.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तू सूड घेऊन राहिली आहेस."

ती भांडी पुसत होती. थांबली नाही. "सूड घेणं पाप आहे."

"मग हे काय आहे?"

"हे त्यांनीच शिकवलं मला. तुला काय वाटतं, त्यांची जीभ नीट असती तर ते वेगळं काही बोलले असते? त्यांनी स्वतःच नाही म्हटलं असतं. मी त्यांच्या जागी म्हणते आहे."

ते खरं असण्याची शक्यता होती.

त्यानंतर दुपारी ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसायला लागली. "क्षमा" हा एक शब्द त्यांच्या तोंडून काढायचा होता. "म्हणा, क्ष. ओठ बघा माझे." पप्पा तिच्या ओठांकडे बघायचे, त्यांचे ओठ तसे करायचे, आणि शिवी यायची. ती तोंड पुसायची. "पुन्हा." शिवी यायची. कधी नुसतं रडणं यायचं. व्यायाम करवायला येणारी मुलगी मला म्हणाली, "दीदी, आंटीजी जैसी मेहनत कोई नहीं करता. हम सबको इनका उदाहरण देते हैं." एकदा मीच आईला म्हटलं, मी देते त्यांना, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षांचा रस, मला पाळक लागत नाही. तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. "दे. ते घेणार नाहीत." तिच्यासमोर मी खरंच दिला. पप्पांनी तोंड घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवली. पाळकांच्या हातच्या आणि माझ्या हातच्या भाकरीतला फरक त्यांना कळत होता. एवढं त्यांच्यात शिल्लक होतं.

पाळक दर महिन्याला आले. दर वेळी विचारलं, दर वेळी आईनं नाही म्हटलं, आणि त्यांनी तिला डावलून कधी भाकर दिली नाही. शेवटी शेवटी पप्पांनी हात बाहेर काढणं सोडलं. पेटी दिसली की डोळे मिटून पडून राहायचे. उन्हाळा संपता संपता एका सकाळी, ती त्यांचं अंग पुसत असताना, ते गेले. तिनं पुसणं पुरं केलं, मग मला फोन केला.

दफनाला सगळी मंडळी आली. फॅक्टरीतले जुने लोकही आले. पाळकांनी सांगितलं की असा निष्ठावान माणूस आता होत नाही, आणि लोकांनी माना हलवल्या. आईनं पहिली मूठ माती टाकली. परत येताना गाडीत मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं, ते कुठे असतील?"

"ते माझ्या हातात नाही," ती म्हणाली. मग काच खाली करून म्हणाली, गाडीत गरम होतं आहे.

मी उपासनेला जाणं सोडलं. ठरवून नाही, एक रविवार राहिला, मग पुढचा राहिला. वर्षभरानं आईचा फोन आला. आवाज बैठकीतला होता.

"मेंबरीतून तुझं नाव काढायची गोष्ट निघाली आहे. येणार आहेस का?"

"कोणी काढली गोष्ट?"

"मी."

मी म्हटलं, काढून टाका. ती म्हणाली, "बरं." फोन ठेवला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. "रविवारी जेवायला ये," ती म्हणाली. "भरली वांगी करते आहे. जावईबापूंनाही आण."

मी जाते. ती चर्चहून येते, साडी बदलते, पानं घेते. जेवणाआधी डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करते, त्यात आजारी लोकांची नावं येतात, प्रवासातल्या लोकांची येतात आणि शेवटी जे मंडळीबाहेर गेले त्यांच्यासाठी एक वाक्य येतं. त्यात ती माझं नाव घेत नाही. मग डोळे उघडून विचारते, भाजीत तिखट जास्त तर नाही झालं.